‘तमस’ची वाट भिवंडीतून

गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’मध्ये भिवंडीचे नाव एकदाही येत नाही. काळ १९४७ च्या मार्चचा, मुलूख पंजाबचा, शहर बिननावाचे. पावणेपाच तासांहून लांब असलेला हा चित्रपट पाहताना ठाणे जिल्ह्यातले यंत्रमागांचे गाव कुणाला आठवण्याचे कारण नाही. तरीही ही कहाणी लिहिली गेली ती भिवंडीमुळे. भीष्म साहनी यांनी आपल्या आत्मकथनात तसे सांगून ठेवले आहे. १९७० च्या दंगलीनंतर त्यांनी भिवंडीच्या गल्ल्या पायी पालथ्या घातल्या आणि तेवीस वर्षे मनात पडून राहिलेले रावळपिंडी तिथे जागे झाले. कादंबरी झाली, कादंबरीचा चित्रपट झाला, चित्रपट थांबवावा म्हणून लोक मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. आणि ज्या वर्षी तो घराघरांत पोहोचला, त्याच वर्षी भिवंडीत दंगल होऊ नये यासाठी एक नवा प्रयोग सुरू झाला. या साऱ्या घटना सुट्या सुट्या माहीत असतात. एका ओळीत लावल्या की त्यांचा अर्थ वेगळा लागतो.

युद्धविरोधी चित्रपट म्हटला की खंदक, तोफा, गणवेशातले कोवळे पोरगे डोळ्यांसमोर येतात. आपल्या देशाने विसाव्या शतकात सर्वांत जास्त माणसे जिथे गमावली, त्या फाळणीच्या लढाईला मात्र ना आघाडी होती ना गणवेश. तिथे शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारले. म्हणून मी ‘तमस’ला आपला सर्वांत मोठा युद्धविरोधी चित्रपट मानतो.



कामवारी नदीच्या काठचे भिवंडी हे जुने व्यापारी गाव. कोकणी मुसलमान इथे शतकानुशतके नांदत होते. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतले विणकर जगायला दक्षिणेकडे निघाले. त्यांतली मोमीन-अन्सारी घराणी आपले हातमाग घेऊन मालेगावला, भिवंडीला स्थिरावली. १९३० नंतर हातमागाच्या जागी विजेवर चालणारे माग येऊ लागले आणि स्वातंत्र्यानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. उत्तर प्रदेशातून कामगार आले, तेलंगणातून पद्मशाली आले, कोकणातून आणि देशावरून मराठी माणसे आली. एका शेडमध्ये आठ-दहा माग, मालक एका धर्माचा, कामगार दुसऱ्या, सुताचा व्यापारी तिसऱ्याच जातीचा, अशी ही रचना होती. धंदा एकमेकांत असा गुंतलेला होता की भांडण परवडणारे नव्हते.

पण गाव वाढले तशी गावातली सत्ता कुणाची हा प्रश्नही वाढला. नगरपालिकेतल्या जागा, बाजारपेठेतले वजन, कुणाचा सण किती मोठा, कुणाची मिरवणूक कुठून जाणार, या गोष्टींना हळूहळू धार चढली. १९६४ पासून शिवजयंतीची मोठी सार्वजनिक मिरवणूक निघू लागली आणि दरवर्षी तिचा मार्ग हा तंट्याचा विषय झाला. मशिदीसमोरून जाताना वाद्ये वाजवायची की नाही, गुलाल उधळायचा की नाही, घोषणा कोणत्या द्यायच्या, यावर बैठका व्हायच्या आणि बैठकांत ठरलेले रस्त्यावर मोडायचे. ज्या राजाने आपल्या आरमारात आणि तोफखान्यात मुसलमानांना मानाच्या जागा दिल्या, त्याच्या जयंतीचा असा उपयोग व्हावा, याची खंत लिहिताना आजही वाटते.

दोन्ही बाजूंना आग पेटती ठेवणारे लोक होते. राष्ट्रीय उत्सव मंडळाने मिरवणुकीचा आग्रह चढता ठेवला. दुसरीकडे तामीर-ए-मिल्लतसारख्या संघटनांची भडक भाषणे चालू होती. देशातले वातावरणही तापलेले होते. सप्टेंबर १९६९ मध्ये अहमदाबाद पेटले होते आणि त्या बातम्यांनी भिवंडीतल्या दोन्ही वस्त्यांत भीती पेरली होती. या भीतीचा परिणाम असा झाला की प्रत्येकाने आपण फक्त बचावाची तयारी करतो आहोत असे स्वतःला पटवले आणि दुसऱ्याची तयारी मात्र हल्ल्याची मानली.

७ मे १९७० रोजी मिरवणूक निघाली. आजूबाजूच्या खेड्यांतून हजारो माणसे आली होती. अनेकांच्या हातांत भगवे झेंडे होते आणि झेंड्यांच्या काठ्या लाठीला साजेशा जाड होत्या. मिरवणूक वाटेत असतानाच दगडफेक सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत भिवंडी पेटली. नंतर आग खोणी, नागाव अशा आसपासच्या वस्त्यांत गेली. दुसऱ्या दिवशी जळगावात भडका उडाला, महाडलाही झळ बसली. तिन्ही ठिकाणी मिळून अडीचशेच्या आसपास माणसे मेली. त्यांत मुसलमान फार मोठ्या संख्येने होते. घरे जळली आणि घरांबरोबर माग जळले. भिवंडीत अनेकांचे घर आणि कारखाना एकाच छपराखाली असे. तिथे आग लावणाऱ्याला एकाच काडीत माणसाचा निवारा आणि पोट दोन्ही घेता आले.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. डी. पी. मदन यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. आयोगाने अनेक वर्षे साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. दंगल आपोआप भडकली, लोकांचा संयम सुटला, हे नेहमीचे स्पष्टीकरण मदन यांनी स्वीकारले नाही. त्यांनी मागची वर्षे तपासली, मिरवणुकीची आखणी तपासली, पत्रके आणि भाषणे तपासली आणि तणाव कोणी कसा वाढवत नेला हे नावानिशी मांडले. राष्ट्रीय उत्सव मंडळावर त्यांनी स्पष्ट ठपका ठेवला. दंगलीनंतर तपासासाठी नेमलेल्या पोलिसांच्या विशेष पथकाने पक्षपात केला हेही त्यांनी लिहिले. आपल्याकडच्या चौकशी अहवालांत इतके निर्भय काम थोडेच असेल. अहवाल छापला गेला आणि कपाटात गेला.



अहवालाच्या आधी भिवंडीत एक वेगळाच माणूस पोहोचला होता. अभिनेते बलराज साहनी तेव्हा मुंबईत राहत. ‘दो बीघा जमीन’मधला रिक्षावाला म्हणून देश त्यांना ओळखत होता. साहनी बंधू मूळचे रावळपिंडीचे. बलराज १९१३ चे, भीष्म १९१५ चे. फाळणीत घर गेलेले. दंगलीची बातमी आल्यावर बलराज भिवंडीला निघाले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्यासारखे मित्र बरोबर होते. दिल्लीहून आलेले धाकटे भाऊ भीष्मही त्यांच्यासोबत गेले.

भीष्म साहनी यांनी त्या भेटीचे जे वर्णन केले आहे त्यात रक्त नाही, प्रेते नाहीत. आहेत ते माग. घरांना लावलेल्या आगीने मागांचे लोखंड वितळून वाकले होते. गल्ल्यांतून चालताना एखाद्या प्राचीन नगराच्या अवशेषांत आल्यासारखे त्यांना वाटले. ज्या गावात दिवसरात्र खटखट चालू असते तिथे आवाज म्हणून उरला होता तो फक्त स्वतःच्या पावलांचा. आणि ती पावले ऐकता ऐकता त्यांना वाटू लागले की हा आवाज आपण पूर्वी कुठेतरी ऐकलेला आहे.

तो ऐकला होता रावळपिंडीत. मार्च १९४७ मध्ये पंजाबचे मंत्रिमंडळ कोसळल्यावर रावळपिंडी शहर आणि त्याच्या परिसरातली खेडी दंगलीत होरपळली. भीष्म तेव्हा काँग्रेसचे कार्यकर्ते होते. मदत समितीच्या कामासाठी ते जळालेल्या गावांतून हिंडले. किती मेले, किती घरे गेली, याचे आकडे गोळा करणे हे त्यांचे काम होते. थोहा खालसा गावात शिखांच्या सुमारे नव्वद बायका-मुलींनी विटंबनेच्या भीतीने विहिरीत उड्या घेतल्या होत्या. आकडे लिहून घेणाऱ्याला रडण्याची सवड नसते. ती सवड भीष्म साहनींना तेवीस वर्षांनी, ठाणे जिल्ह्यातल्या एका गावात मिळाली, असे मला नेहमी वाटत आले आहे.

दिल्लीला परतल्यावर त्यांनी लिहायला सुरुवात केली. बलराज यांच्या हातात फार दिवस उरले नव्हते. १९७२ मध्ये त्यांची मुलगी शबनम गेली. त्याच सुमारास एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ आकार घेत होता. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या, आपले गाव सोडायला तयार नसलेल्या सलीम मिर्झांची भूमिका बलराज करत होते. १३ एप्रिल १९७३ रोजी ते गेले तेव्हा त्या भूमिकेचे डबिंग नुकतेच संपले होते. भिवंडी पाहून आलेल्या दोन भावांपैकी एकाची शेवटची भूमिका ‘गर्म हवा’तली आणि दुसऱ्याची सर्वांत मोठी कादंबरी ‘तमस’. हिंदी साहित्याला आणि फाळणीवर पंचवीस वर्षे जवळपास मूग गिळून बसलेल्या हिंदी चित्रपटाला एकाच घरातून, एकाच काळात असे दोन धक्के बसले. १९७५ मध्ये ‘तमस’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.



पुस्तक लिहून दंगली थांबत नाहीत. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि या वेळी आग ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. मृतांचा आकडा पावणेतीनशेच्या घरात गेला. गावाबाहेरच्या अन्सारी बागेत आसऱ्याला गेलेली माणसे, त्यांत बायका-मुले, जिवंत जाळली गेली. मदन आयोगाने दाखवून दिलेल्या खुणा चौदा वर्षांनी जशाच्या तशा दिसत होत्या: आधी भाषणे, मग झेंड्यावरून कुरापत, मग अफवा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीत शिखांचे हत्याकांड झाले.

‘तमस’ पडद्यावर आणण्याची निहलानी यांची धडपड या वर्षांतली आहे. ते जन्मले कराचीत, १९४० मध्ये. फाळणीत कुटुंब उदयपूरला आले. मराठी वाचकांना त्यांची ओळख वेगळ्या वाटेने आहे. त्यांच्या ‘आक्रोश’ची पटकथा विजय तेंडुलकरांची, ‘अर्धसत्य’ची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, ‘पार्टी’चे नाटक महेश एलकुंचवारांचे. माणसाच्या आतली हिंसा कुठून येते हा प्रश्न या सगळ्यांत आहे आणि ‘तमस’ही त्याच प्रश्नाचा पुढचा टप्पा आहे. भूमिकांसाठी त्यांनी रंगभूमीवरची तालेवार मंडळी जमवली. ओम पुरी, दीपा साही, अमरीश पुरी, ए. के. हंगल, दीना पाठक, सुरेखा सिक्री आणि आपल्या उत्तरा बावकर. संगीत वनराज भाटियांचे.

कथेची सुरुवात एका कोंदट कोठडीत होते. नत्थू हा कातडी कमावणारा गरीब माणूस. ठेकेदाराने त्याला एक डुक्कर मारून द्यायला सांगितले आहे. डॉक्टरसाहेबांना हवे आहे, एवढेच कारण. नत्थूने असले काम कधी केलेले नाही, पण पैसे आगाऊ मिळाले आहेत आणि ठेकेदाराला नाही म्हणायची त्याची प्राज्ञा नाही. रात्रभर तो आणि ते जनावर त्या बंद जागेत झुंजतात. कॅमेरा हटत नाही. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते. पुढे शहरात जे जे घडते ते नत्थू पाहत जातो आणि आपल्या हातून काय झाले हे त्याला उमजत जाते. सांगायला तोंड नाही आणि न सांगता जगवत नाही. ओम पुरींनी हा माणूस असा उभा केला आहे की त्याची भीती बघणाऱ्याच्या पोटात उतरते.

इथे चित्रपटाने फार मोलाचे काम केले. दंगल म्हणजे जमावाचे वेड, ही समजूत त्याने पहिल्या वीस मिनिटांत मोडून काढली. कुणीतरी पैसे दिले, कुणीतरी निरोप पोहोचवला, कुणीतरी गरिबाचा हात वापरला. मदन आयोगाने सात खंडांत जे पुराव्यानिशी मांडले, ते निहलानींनी एका माणसाच्या घामेजलेल्या चेहऱ्यावर दाखवले. आणि कथेच्या अखेरीस शांततेच्या घोषणा देत फिरणाऱ्या गाडीत तोच ठेकेदार पुढच्या जागेवर बसलेला असतो. भिवंडीने, मालेगावने, मुंबईने शांतता समित्यांच्या बैठकांत असे चेहरे पाहिले आहेत.

कोवळ्या रणवीरचा प्रसंग तसाच आहे. मास्तर त्याला कोंबडी कापायला लावतात, मन घट्ट व्हावे म्हणून. पोर ओकते, थरथरते आणि मग कापते. काही दिवसांनी त्याची टोळी गल्लीत आलेल्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याला गाठते. मारणारा मुलगा राक्षस नाही. त्याला तयार केले गेले आहे, हे आपण डोळ्यांदेखत पाहिलेले असते. म्हणून त्याचा राग येतो तसेच त्याच्यासाठी पोटही तुटते.

पण या चित्रपटाची खरी ताकद मला हरनामसिंग आणि बंतो यांच्या भागात दिसते. एका खेड्यात हे म्हातारे शीख जोडपे चहाचे दुकान चालवते. गावात दुसरे शीख घर नाही. शेजारी येऊन सांगतो की आता निघा, बाहेरून लोक येत आहेत, मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. दोघे रातोरात चालत निघतात आणि पहाटे एका अनोळखी दारावर थाप मारतात. दार उघडणारी राजो मुसलमान आहे. ती त्यांना आत घेते, माळ्यावर लपवते. थोड्या वेळाने तिचा नवरा लूट घेऊन घरी येतो. लुटीतली पेटी हरनामसिंगचीच. खाली कुलूप तोडण्याची खटपट चालू आहे आणि वरून हरनामसिंग किल्ली देऊ करतो. कुलूप कशाला तोडता, ही घ्या.

हरनामसिंगची भूमिका स्वतः भीष्म साहनींनी केली आहे. बंतो दीना पाठक आणि राजो सुरेखा सिक्री. नवरा माळ्यावरच्या म्हाताऱ्याला ओळखतो, त्याच्याशी पूर्वीचा व्यवहार असतो आणि त्याची मान खाली जाते. त्याच्या हातून लूट झाली आहे, खून होत नाही. रात्री राजो पाहुण्यांना गावाबाहेर सोडायला जाते आणि पेटीतले दागिने बंतोच्या हातात परत ठेवते. या प्रसंगात कुणी भाषण देत नाही, धर्माचे नावही फारसे निघत नाही. सुरेखा सिक्रींच्या आवाजात उपकाराचा लवलेश नाही, उलट थोडी चीड आहे, आपल्यावर ही वेळ आणली म्हणून. त्यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

याच चित्रपटात गुरुद्वारातल्या बायका विहिरीकडे निघतात. पुढे जसबीर, म्हणजे उत्तरा बावकर. थोहा खालसाची विहीर ही. त्या चालत जाणाऱ्या बायकांच्या रांगेकडे शौर्य म्हणून पाहायचे की समाजाने त्यांच्यावर लादलेला मृत्यू म्हणून, हे निहलानी सांगत नाहीत. मला तो दुसऱ्या अर्थानेच दिसतो आणि म्हणून तो भाग पुन्हा पाहणे कठीण जाते.



जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘तमस’ मालिकेच्या रूपात, भागाभागाने सुरू झाला. तेव्हा बहुतेक घरांत एकच वाहिनी होती. त्यामुळे जे लागेल ते जवळजवळ सारा देश एकाच वेळी पाहत असे. पहिल्या भागांनंतर विरोध उसळला. काहींना हिंदू संघटनांची बदनामी दिसली, काहींना मुसलमानांची. जुन्या जखमा उघड्या करून पुन्हा दंगली होतील, असाही सूर निघाला. निहलानींना पोलिस संरक्षण घ्यावे लागले.

असा राग जगाला नवा नव्हता. पहिल्या महायुद्धावरच्या कादंबरीवरून लुईस माइलस्टोन यांनी केलेला ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनच्या चित्रपटगृहात लागला, तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी आत उंदीर सोडले, दुर्गंधीच्या कुप्या फोडल्या. काही दिवसांतच जर्मन सरकारने चित्रपटावर बंदी घातली. ज्यांना पुढचे युद्ध हवे असते त्यांना मागच्या युद्धाची खरी आठवण सहन होत नाही. बर्लिनमध्ये सरकार वाकले. मुंबईत काय झाले ते आपण अभिमानाने सांगावे असे आहे.

मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली आणि २१ जानेवारीला एका न्यायमूर्तींनी प्रक्षेपणाला स्थगिती दिली. प्रकरण लगेच न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांच्या खंडपीठापुढे गेले. लेंटिन म्हणजे जे. जे. रुग्णालयातल्या औषधबळींची चौकशी करणारे, ताठ कण्याचे न्यायाधीश. दोघांनी एक साधी गोष्ट केली. निकाल देण्याआधी संपूर्ण ‘तमस’ पाहिला. मग स्थगिती उठवली. सत्य नेहमी देखणे नसते, दोन्हीकडचे माथेफिरू कसे काम करतात हे लोकांना दिसले तर त्यातून ते शिकतील, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. सामान्य, न शिकलेल्या प्रेक्षकालाही हे कळते, असा विश्वास त्यांनी दाखवला.

विरोधक सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी न्या. सब्यसाची मुखर्जी आणि न्या. रंगनाथन यांनी मालिकेच्या बाजूने निकाल दिला. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो नागपूरच्या एका जुन्या निकालाचा. न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९४० च्या दशकात तिथे म्हटले होते की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस आणि खंबीर माणसाच्या मापाने, घाबरट आणि प्रत्येक गोष्टीत धोका पाहणाऱ्याच्या मापाने नव्हे. आजही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या खटल्यांत हे माप वापरले जाते. ते रूढ होण्यात ‘तमस’च्या निकालाचा वाटा मोठा आहे.

प्रक्षेपण पूर्ण झाले. भीती घातली गेली होती तशा दंगली त्यावरून उसळल्या नाहीत. चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेवरचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला.



त्याच १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलिस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. खोपडेंनी आधीच्या दंगलींचा अभ्यास केला आणि शांतता समित्यांचा नेहमीचा साचा बाजूला ठेवला. त्या समित्यांत पुढारी आणि प्रतिष्ठित बसत. तणाव झाला की बैठक, चहा, निवेदन आणि फोटो. खोपडेंनी प्रत्येक मोहल्ल्याची वेगळी समिती केली. अशा सुमारे ७० समित्या झाल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही, शक्यतो सारख्या संख्येने. विणकर, रिक्षावाले, दुकानदार, शिक्षक, डॉक्टर असे साधे रहिवासी. दंगलीत ज्यांचा फायदा होतो त्यांना दूर ठेवायचे, हे सूत्र. प्रत्येक समितीवर त्या भागातला पोलिस नेमलेला. बैठका संकटाची वाट न पाहता नेमाने व्हायच्या. नळाचे भांडण, भाडेकरूचा तंटा, पोराची मारामारी, असले विषय तिथेच मिटायचे. माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली आणि पोलिसाशी बोलायला लोक कचरेनासे झाले.

याचा कस डिसेंबर १९९२ मध्ये लागला. अयोध्येत बाबरी मशीद पडली आणि मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे डिसेंबर आणि जानेवारी मिळून मुंबईत ९०० माणसे मेली. १९७० आणि १९८४ पाहिलेली भिवंडी या वेळीही पेटणार हे सगळे धरून चालले होते. पण भिवंडी शांत राहिली. खोपडेंची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या गुलाबराव पोळ यांनी समित्या चालू ठेवल्या होत्या. अफवा आली की दोन्हीकडचे सभासद मिळून ती खोडून काढत. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी आपल्या २००२ च्या ग्रंथात भिवंडीच्या या कामाची दखल घेतली आणि खोपडेंनी स्वतःही त्यावर लिहिले. मुंबईत १९९३ नंतर ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांची जी चळवळ उभी राहिली, तिच्यापुढे भिवंडीचे उदाहरण होते.

‘तमस’ पाहून खोपडेंना हे सुचले, असे मी म्हणत नाही. त्याला पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. पण दोन्हींचे निदान एकच आहे. चित्रपट सांगतो की ठेकेदाराचा हात चालतो, कारण नत्थू एकटा आहे. तो ज्याच्याकडे जाऊन खरे सांगू शकेल असा माणूस त्या शहरात नाही. खोपडेंच्या समित्यांनी मोहल्ल्यातल्या नत्थूला जाण्यासाठी एक जागा केली. राजोने दार उघडले ते तिच्या स्वभावाने. असा स्वभाव प्रत्येकाचा असेलच असे नाही, म्हणून सवय लावावी लागते, आणि सवयीला बैठक लागते, रजिस्टर लागते, वेळेवर येणारा हवालदार लागतो. माणसाच्या चांगुलपणावर विसंबून न राहता त्याला आधार देणारी व्यवस्था उभारणे, हे भिवंडीचे मराठी मुलखाला मिळालेले फार मोठे देणे आहे आणि आपण त्याची पुरेशी किंमत केलेली नाही.

व्यवस्था मात्र राबवावी लागते. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळच्या जागेत पोलिस ठाणे बांधण्यावरून भिवंडीत जमाव आणि पोलिस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि त्यानंतर दोन पोलिसांना जमावाने ठार केले. हिंदू-मुसलमान दंगल तेव्हाही झाली नाही. पण पोलिस आणि मोहल्ला यांच्यातला जो विश्वास १९८८ नंतर कमावला होता तो किती झिजला आहे हे त्या दिवशी दिसले.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये ‘तमस’ पुन्हा दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. पंचवीस वर्षांत जन्मलेल्या पिढीने तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. चित्रपट आता पंजाबचा, फाळणीचा म्हणून ओळखला जातो आणि शाळा-कॉलेजांतही त्याच नात्याने दाखवला जातो. ठाणे जिल्ह्यातल्या शिक्षकांनी तो दाखवताना मुलांना आधी वितळलेल्या मागांची हकिकत सांगावी आणि शेवटी ७० समित्यांची. निजामपुऱ्यातल्या, खोणीतल्या, नागावातल्या मुलांना ही कहाणी आपल्या गावातून सुरू झाली हे कळण्याचा हक्क आहे.